‘कै.’ नको, ‘स्वर्गवासी’ नको, मग नावाआधी छापायचं काय?

छापखानेवाला, आर्वी (जि. वर्धा)

लग्नपत्रिका, तेरवीची पत्रं, पावतीपुस्तकं हे आमचं रोजचं काम. गेलेल्या माणसाच्या नावाआधी काय लावायचं ते गिऱ्हाईक दारात आल्यावरच कळतं. गळ्यात माळ असली की ‘वै.’, बाकी हिंदू घरांना ‘कै.’, बौद्ध घराला ‘कालकथित’, मुसलमान घराला ‘मरहूम’, ख्रिस्ती घराला ‘ख्रिस्तवासी’. विचारावंही लागत नाही.

मागच्या आठवड्यात तालुक्यातले एक शेतकरी वडिलांच्या आठवणीचं कार्ड करायला आले. ख्रिस्ती आहेत, त्यातही ‘ख्रिस्ताडेल्फियन’ म्हणाले. मी प्रूफावर ‘ख्रिस्तवासी’ टाकलं होतं. त्यांनी माझाच पेन घेऊन त्यावर काट मारली.

“हे नोका लिहू भाऊ.”

“मग स्वर्गवासी?”

“ते त अजिबातच नाही. बाबा कुठी गेले नाहीत. मातीत झोपले हायेत.”

म्हटलं, ‘दिवंगत’ टाकतो, ते सगळ्यांना चालतं. त्यांनी थोडा विचार केला आणि “मंडळीत विचारून येतो” म्हणून निघून गेले. मंडळी म्हणजे त्यांच्या पंथाचे इथले जमणारे लोक. कार्ड अडकलं आहे. ‘दिवंगत’ खरंच सगळ्यांना चालणारा शब्द आहे का? आणि नसेल तर चालणारा कोणता?

जोडप्रश्न : निमंत्रकांच्या जागी त्यांना नुसतं ‘मंडळी’ हवं आहे. तेवढ्याने वाचणाऱ्याला काय कळणार?

निवृत्त मराठी शिक्षक, अचलपूर

तुमच्या गिऱ्हाइकाचा कान तिखट आहे. ‘दिवंगत’ची फोड ‘दिवम् + गत’, म्हणजे द्युलोकी, स्वर्गात गेलेला. सरकारी शोकप्रस्तावापासून शाळेच्या फळ्यापर्यंत आपण तो बिनधास्त वापरतो, म्हणून गुळगुळीत झाला आहे. अर्थ मात्र ‘स्वर्गवासी’चाच. एकात माणूस तिथे राहतो, दुसऱ्यात तिथे पोचला, एवढाच फरक.

मराठीत मेलेल्या माणसाला कुठेतरी पाठवल्याशिवाय आपलं समाधान होत नाही. कैलासवासी शंकराकडे, वैकुंठवासी विष्णूकडे. ‘देवाघरी गेले’ यात तर घरही आलं. काहीच न लावता नुसतं ‘गेले’ म्हटलं तरी ते जाणंच झालं. पत्ता नसलेले शब्द मोजकेच. ‘निधन’ हा त्यातला चांगला. संस्कृतात त्याचा अर्थ शेवट, मरण, बस. गीतेतलं ‘स्वधर्मे निधनं श्रेयः’ आठवा. पण अडचण अशी की ‘निधन’ हे नाम आहे, ते नावाआधी बसत नाही. ‘निधन दि. अमुक’ असं खाली येऊ शकतं. ‘मरहूम’चा अर्थ ज्याच्यावर दया झाली तो. त्यातही ठिकाण नाही, पण तो शब्द आता एका समाजाचा झाला आहे.

वकिलाकडे टायपिंग करते, यवतमाळ

‘मयत’ आहे ना! फेरफारात, वारसनोंदीत, पोलिसांच्या पंचनाम्यात पाटलापासून मजुरापर्यंत सगळे ‘मयत’. अरबीतून आलेला शब्द, अर्थ मेलेला. ना स्वर्ग ना कैलास. फक्त कार्डावर छापलंत तर लोकांना वाटेल वारसाची नोटीस आली, आणि दोन भाऊ वकील गाठायला निघतील.

मंडळीतली एक, आर्वी तालुका

ते कार्डवाले आमच्याच मंडळीतले. इथे आमची मोजकीच घरं आहेत, त्यामुळे “मंडळीत विचारून येतो” म्हणजे रविवारी आमच्या पडवीत बसून बोलणं. ते बोलणं झालंय, म्हणून लिहिते.

आधी नावाचं सांगते. जॉन थॉमस नावाचे इंग्रज डॉक्टर १८३२ मध्ये अमेरिकेत गेले, तिथे त्यांच्या बायबल-अभ्यासातून हा गट उभा राहिला. १८६४ मध्ये तिथल्या यादवी युद्धात लढायला नकार द्यायचा तर सरकारदरबारी काहीतरी नाव नोंदवणं भाग होतं. तेव्हा ग्रीकमधल्या ‘ख्रिस्तातले भाऊ’ या अर्थाने हे नाव घेतलं. एरवी आम्ही एकमेकांना भाऊ, ताई म्हणतो. विदर्भात ते वेगळं शिकावं लागत नाही, बसमधला कंडक्टरही भाऊच असतो.

आता मरणाचं. आमच्या समजुतीप्रमाणे माणसात मरणानंतर उडून जाणारा, न मरणारा असा वेगळा आत्मा नाही. मातीचा माणूस आणि देवाने फुंकलेला श्वास मिळून जीव होतो. श्वास गेला की माणूस माती. बायबलातल्या स्तोत्र १४६ मध्ये हेच आहे की त्याचा प्राण जातो, तो मातीला मिळतो आणि त्याच दिवशी त्याचे बेत संपतात. बायबलातलंच उपदेशकाचं पुस्तक (९:५) तर सरळ म्हणतं, मेलेल्यांना काहीच कळत नाही. येशूचा शिष्य पेत्र याने पेन्टेकॉस्टच्या सणादिवशी सांगितलं की दावीद राजा काही स्वर्गात चढून गेला नाही (प्रेषितांची कृत्ये २:३४). दाविदाला जे नाही ते आमच्या बाबांना कार्डावर कसं द्यायचं? आशा आहे ती येशू परत येईल तेव्हाच्या पुनरुत्थानाची, आणि देवाचं राज्य येणार तेही इथेच, पृथ्वीवर. ‘ख्रिस्तवासी’ म्हटलं की ते आत्ताच ख्रिस्ताजवळ राहायला गेले असा अर्थ होतो. अडचण तेवढीच आहे, शब्दावर राग नाही.

हे सगळं पाठ कसं, तर रोजच्या वाचनामुळे. बर्मिंगहॅमचे रॉबर्ट रॉबर्ट्‌स यांनी एकोणिसाव्या शतकात वाचनाचा एक तक्ता केला, तो जगभर आमचे लोक आजही वापरतात. रोज तीन भाग. वर्षात जुना करार एकदा होतो, नवा दोनदा. १ जानेवारीला उत्पत्ती १-२, स्तोत्र १-२ आणि मत्तय १-२ यांनी सुरुवात. आमच्याकडे तक्ता पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेला आहे, कारण भिंतीवरचा उंदरांनी खाल्ला. कापूस वेचायच्या दिवसांत बायका इतक्या थकलेल्या असतात की बायबलातल्या इतिहासाच्या पुस्तकातल्या वंशावळ्या पोरांच्या वाट्याला जातात. नावांत ‘बेन’ (हिब्रूत मुलगा) आला की पोरं हसतात, आपल्याकडे बेणं उसाचं नाहीतर हळदीचं. मोठ्यांनी दटावायचं, तर तेही हसतात.

पाळक, पाद्री आमच्यात नाही. ज्या भावाची पाळी असेल तो बोधाचे चार शब्द बोलतो आणि बाकीचे बायबल उघडून तपासतात. प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये बिरुयाच्या लोकांचं कौतुक आहे ना, पौलाचं ऐकूनही रोज शास्त्र शोधून पाहणारे, ती आमची चाल. एकदा एका भावाने ‘बाबांचा आत्मा वरून बघतो आहे’ असं बोलण्याच्या ओघात म्हटलं. म्हाताऱ्या मावशीने बसल्या जागेवरून विचारलं, “कोणत्या वचनात हाय ते?” तो तिथेच थांबला.

रविवारी येशूच्या आठवणीत भाकर मोडतो आणि द्राक्षरसाचा प्याला घेतो. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, म्हणून मनुका रात्रभर भिजवायच्या, सकाळी कुस्करून फडक्यातून गाळायच्या. शुभवर्तमानात त्या प्याल्याला द्राक्षवेलाचा उपज म्हटलं आहे, मनुका त्यात बसतात.

गावात मयत झाली की शेजारणी म्हणतात, “आत्म्याले शांती भेटो.” आम्ही काय करावं? तिथे कोणी वचन उघडून बसत नाही. “हो बाई” म्हणायचं, हात धरायचा. पण स्वतःच्या कार्डावर, स्वतःच्या पैशाने छापताना तरी जे मानतो तेच असावं.

अकोल्याची ताई

मी अलायन्स मिशन या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीत वाढले. वऱ्हाडात आमच्या मंडळ्या मिशनरींच्या काळापासून आहेत. आर्वीच्या ताईंशी माझं पटत नाही, पण आधी पटणारं सांगते : ‘प्रभूत झोपी गेले’ हे आमच्याही कबरींवर असतं. ते सगळ्या ख्रिस्त्यांचं आहे. प्रेषित पौल थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला पत्रात ‘झोपी गेलेल्यांविषयी’ लिहितो, त्यातलं ग्रीक क्रियापद ‘कोइमाओ’. त्यातूनच ‘कोइमेतेरिओन’, झोपायची जागा, आणि त्याचंच पुढे सिमेट्री झालं. म्हणजे आपले लोक “सिमेट्रीत नेलं” म्हणतात तेव्हा “झोपायच्या जागी नेलं” असंच म्हणतात.

न पटणारं : वधस्तंभावरच्या चोराला येशूने ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ म्हटलं (लूक २३:४३). आज म्हणजे आज. मग ‘ख्रिस्तवासी’त चूक काय?

मंडळीतली एक, आर्वी तालुका

ताई, जुन्या ग्रीक हस्तलिखितांत स्वल्पविराम नव्हते. ‘मी तुला आज खचित सांगतो, तू माझ्याबरोबर असशील’ असंही ते वाचता येतं आणि आम्ही तसंच वाचतो. शिवाय येशू स्वतः तिसऱ्या दिवशी उठला, मग त्याच दिवशी तो सुखलोकात कसा? यावर आपलं दोघींचं आयुष्यात जमणार नाही, चहा मात्र घेऊ.

तुम्हाला आणखी एक शब्द देते. ‘शिओल’. हिब्रूत तो मेलेल्यांचं ठिकाण. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब म्हणतो मी शोक करत माझ्या मुलाकडे शिओलात उतरेन, तिथे आम्ही कबर समजतो. मराठी बायबलात त्याला ‘अधोलोक’ केलं आहे. ‘लोक’ म्हटला की आपल्या माणसाला सप्तपाताळ दिसतं, तिथे कोणीतरी राहतंय, राज्य करतंय असं वाटतं. वाचनात तो शब्द आला की मुलांना दर वेळी ‘कबर’ म्हणून समजावावं लागतं.

नागपूरचा वाचक

‘कालकथित’बद्दल थोडं. पालीत ‘कालं करोति’ म्हणजे मरतो, त्यावरून ‘कालंकत’, मेलेला. आपल्याकडचा ‘कालकथित’ त्याच घरातला. त्यातही माणूस कुठे गेला हे सांगितलेलं नाही. १९५६ नंतर विदर्भातल्या बौद्धांना नेमकी हीच अडचण आली असणार : ‘कै.’ लावायचं नाही, मग काय? श्रद्धा बदलली की पत्रिकेतला पहिला अक्षरगट सगळ्यात आधी टोचतो.

निवृत्त मराठी शिक्षक, अचलपूर

जोडप्रश्न राहून गेला. ‘मंडळी’ची गंमत व्याकरणात आहे. एरवी हा समूहवाचक शब्द : ‘घरची मंडळी जेवली’, ‘भजनी मंडळी आली’, जुन्या माणसांच्या तोंडी ‘आमची मंडळी’ म्हणजे बायको. याचं अनेकवचन आपण करत नाही. चार गावचे वऱ्हाडी आले तरी ‘वऱ्हाडाची मंडळी’च. मराठी बायबलात मात्र आशियातल्या सात ‘मंडळ्या’ आहेत, वर अकोल्याच्या ताईंनीही सहज ‘आमच्या मंडळ्या’ लिहिलं. जिथे अनेकवचन होतं तिथे शब्दाचा अर्थ बदलला असं खुशाल समजा : माणसांचा घोळका जाऊन एक संस्था झाली. मुळातला ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’ म्हणजे बोलावून जमलेली सभा. इमारतीशी त्याचा संबंध नव्हता, त्यामुळे ‘चर्च’ टाळणाऱ्यांना ‘मंडळी’ नेमका बसतो. (पसायदानातलं ‘भूमंडळी’ यात ओढू नका, ती ‘भूमंडळ’ची सप्तमी आहे. दर वेळी कोणीतरी ओढतंच, म्हणून आधीच सांगितलं.)

कार्डावर नुसतं ‘मंडळी’ छापलं तर वाचणारा ‘कोणाकडची?’ विचारेल. ‘ख्रिस्ताडेल्फियन मंडळी, आर्वी तालुका’ करा.

छापखानेवाला, आर्वी

कार्ड छापून गेलं. नावाआधी काहीच नाही, नुसतं नाव. खाली ‘जन्म’ आणि ‘मृत्यु’, दोन तारखा. त्याखाली ‘पुनरुत्थानाच्या आशेत झोपी गेले’. वर ‘पुण्यस्मरण’ऐवजी ‘आठवण’. निमंत्रकांत शिक्षकांनी सांगितलं तसंच. माझ्या कामगाराने विचारलं, नावाआधी काही नाही म्हणजे माणूस जिवंत आहे असं नाही का वाटणार? मी त्याला तारीख दाखवली.

आता दुसरं गिऱ्हाईक तेच कार्ड पाहून म्हणतं, आमच्या आजीलाही ‘आठवण’च टाका, ‘कै.’ राहू द्या.

निवृत्त मराठी शिक्षक, अचलपूर

पुढच्या कार्डाला ‘मृत्यू’ दीर्घ करा. सुटा शब्द ‘मृत्यू’, समासात ‘मृत्युपत्र’ ऱ्हस्व.