शिंदळ माकुडी शिवनेरीच्या कड्यावर आहे, मधल्या डोंगरांवर नाही, असं का?

भटक्या_जुन्नरकर
मंडळी, एक शंका बरेच दिवस डोक्यात घोळतेय, जाणकारांनी प्रकाश टाकावा. शिवनेरीच्या कड्यावर शिंदळ माकुडी ही दुर्मिळ वनस्पती आहे हे इथे बऱ्याच जणांना माहीत असेल, तीच तिकडे वज्रगडावर आहे आणि पार साताऱ्याला सज्जनगडावर पण. मग मधल्या एवढ्या डोंगरांनी काय घोडं मारलंय? तोच काळा कातळ, तोच पाऊस, पावसाळा संपला की तेच आठ महिन्यांचं ऊन. बरं, मोरशिखा ही नेच्याची जात बघा, कुठल्याही गडाच्या तटाच्या फटीत हमखास सापडते. दोघीही पाण्यावाचून तग धरणाऱ्या, तरी एक सगळीकडे आणि एक मोजक्याच जागी. गुगल केलं तर नुसते कासच्या फुलांचे फोटो येतात.

कातळकन्या
मस्त प्रश्न. पण दोघींचं तग धरणं एकसारखं नाहीये. माकुडी पाणी साठवते, दांडे मांसल असतात, पानं फक्त पावसाळ्यात येतात आणि उन्हाळ्यात नुसते राखाडी दांडे कड्यावरून लोंबत राहतात. मोरशिखा काहीच साठवत नाही, ती चक्क वाळते. मे महिन्यात बघा, तपकिरी गुंडाळी झालेली असते, बोटात धरली तर चुरा होईल असं वाटतं, आणि वळीव पडून गेला की दुसऱ्या दिवशी हिरवे पंखे उघडलेले. वाळताना पेशींमध्ये साखरा जमतात, त्या आतले नाजूक पडदे सांभाळतात, म्हणून पुन्हा पाणी मिळालं की सगळं चालू होतं. असं वाळून परत येणाऱ्या वनस्पती सह्याद्रीत आधी फक्त 9 माहीत होत्या, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या लोकांनी शोधून तो आकडा 62 वर नेला, आणि त्यातल्या बऱ्याच अशाच उघड्या कातळांवरच्या आहेत.
बाकी तेरडा, सीतेची आसवं वगैरे मंडळी उन्हाळा बघतच नाहीत, बी टाकून मोकळी. खर्पुडी, दीपकाडी कंदात झोपतात.

गवत्या
+१. पण ताई, मूळ प्रश्न राहिलाच की. माझ्या मते कोण किती तहान सोसतं यावर हे ठरत नाहीच. माकुडीची फांदी कुंडीत खोचा, आरामात लागते, नर्सरीवाले तशीच वाढवतात. म्हणजे मधल्या डोंगरांवर ती जगणार नाही असं काही नाही, तिथे पोचून रुजायचे वांधे आहेत. मोरशिखा पडली नेचा, तिचे बीजाणू धुळीसारखे कुठेही जातात, म्हणून तर ती आफ्रिकेपासून आपल्याकडच्या तटबंदीपर्यंत आहे.

भटक्या_जुन्नरकर
पण गवत्याभाऊ, माकुडी रुईच्याच कुळातली ना? म्हणजे बी म्हातारीसारखं उडत असणार. मग ते का नाही पोचत?

गवत्या
उडतं की, पण उतरणार कुठे? उभ्या कड्यातली बोटभर फट, त्यात चिमूटभर माती, आणि शेळीचं तोंड पोचणार नाही अशी जागा हवी. सपाटीवर पडलं तर गवतात दबणार, नाहीतर चरलं जाणार, त्यातून वाचलं तर वणवा आहेच. कडा म्हणजे तिची आवडती जागा असं सगळे म्हणतात, मला तर वाटतं ती तिची उरलेली जागा आहे, बाकीकडून हाकलली गेलीय. आणि नोंदींचं पण बघा, आधी मोजक्याच जागा माहीत होत्या, लोक कडे नीट बघायला लागले तेव्हा अजून सापडल्या. कड्यावर लोंबकळून झाडं मोजणारे आहेत तरी किती.

सड्यावरचा
कड्यांचं ठीक, पण पठारांचा हिशोब वेगळा. कास, पाचगणीचं टेबललँड, महाबळेश्वर इथला माथ्यावरचा जांभा एके काळी सलग होता आणि नद्यांनी कापून त्याचे तुकडे केले असं भूगर्भवाले सांगतात. तेरड्याचं बोंड फुटलं की बी फार तर हातभर उडणार, ते दरी ओलांडून पलीकडच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, कसं जाईल? मला वाटतं काही झाडं कुठे गेलीच नाहीत, ती होती तिथेच राहिली आणि मधली जमीनच झिजून गेली. शिवाय एकाच सड्यावर पण चार पावलांवर यादी बदलते, डबक्यात वायतुरा, ओल झिरपते तिथे गेंद आणि किडे खाणारी दवबिंदू, नुसत्या उघड्या कातळावर शेवाळाच्या पापुद्र्यात वीतभर पण न वाढणारं गवत. त्यामुळे 'अमुक पठारावर नाही' म्हणताना डबकं बघितलं होतं का फट, हे विचारायला पाहिजे.

भटक्या_जुन्नरकर
भारी! सगळ्यांचे आभार. आता सप्टेंबरात चावंड आणि हडसर या गडांचे कडे दुर्बिणीने बघतो.

कातळकन्या
जरूर बघा, तेव्हा फुलं असतात, लालसर आणि मध्ये पिवळे ठिपके, दुर्बिणीतून कळतील. सापडली तर फोटो टाका पण अचूक जागा टाकू नका हं, फोटोतलं लोकेशन पण काढून टाका, नुसता जिल्हा लिहिला तरी पुरे. दुर्मिळ म्हटलं की उपटून नेणारे टपलेलेच असतात.