वीजतंत्री प्रात्यक्षिक: शेवटचे दोन महिने विहिरीवरची कामं बंद ठेवावी का?

(मंचावरची चर्चा; ओळीवर एकटं आलेलं नाव म्हणजे लिहिणाऱ्याचं टोपणनाव.)

सिरीज लॅम्प

आयटीआयच्या वीजतंत्री ट्रेडची प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली की यवतमाळ-वर्ध्याकडची पोरं सकाळी वर्कशॉपमध्ये आणि दुपारनंतर गावच्या वायरमनसोबत कुणाच्या तरी विहिरीवर पंपाची मोटर जोडताना-दुरुस्त करताना दिसतात. माझं मत असं की शेवटचे दोन महिने ती दुपार बंद करा. लेखी ३३ टक्क्यांवर निघून जातं, प्रात्यक्षिकाला ६० लागतात. आणि ते मार्क विहिरीवर लागलेल्या सवयीच खातात.

वायर दातानं सोलली की दोन-चार तारा तुटतात, उरलेल्या पिळून स्क्रूखाली दाबल्या जातात. स्क्रूखालची कडी घड्याळाच्या उलट दिशेनं घातली की आवळताना ती उघडते आणि बाहेर सरकते. तांबं टर्मिनलच्या बाहेर दिसायला नको, इन्सुलेशन अगदी टर्मिनलला टेकलं पाहिजे. परीक्षक बोर्ड उलटा करून हेच पाहतो, दिवा पेटला का ते नंतर.

तीन पिनी सॉकेट घ्या. समोरून पाहिलं तर वर अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. पण जोडणी मागून होते, तिथून फेज डावीकडे येते. गावात कूलर फिरला म्हणजे काम झालं, त्यामुळे ही अदलाबदल वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. परीक्षेत पोलॅरिटी, म्हणजे फेज-न्यूट्रल आपापल्या जागी आहेत का, ते तपासलं की लगेच सापडते.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे न्यूट्रल गेला की अर्थिंगवर लाईट चालवून देणं. बोर्डावर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी असते, म्हणजे फेजनं गेलेला करंट न्यूट्रलनं परत आला नाही तर सप्लाय तोडणारा स्विच. ६० वॉटचा साधा बल्ब २६० मिलीअँपिअर घेतो. तो अर्थवर टाकला की आरसीसीबी क्षणात पडते आणि पोरगं म्हणतं, "सर, आरसीसीबीच खराब आहे."

वऱ्हाडी वायर

राजेहो, दात अन् कडी सोडा, थे आठ दिवसांत सुधरते. तुमच्या वर्कशॉपमधली मोटर रिकामी फिरते. तिले ना पाणी उचलाचं, ना तिचा एक फेज जात. मांडून दिलेला जॉब पाठ करणारा पोट्टा बिघाड काढाले सांगतला का नुसता उभा रायते.

एकच उदाहरण देतो. पाच एचपीची मोटर, डीओएल (लाईन थेट मोटरीले देणारा) स्टार्टर. बटन दाबलं का घूं करते, फिरत नाही. विहिरीवर हात बसलेला पोट्टा पयले बटन सोडते, कारण अशा उभ्या मोटरीत करंट पाच-सहा पट जाते अन् वायंडिंग (मोटरीतले तारेचे वेढे) पाहता पाहता तापते. मंग तिन्ही फेज आहेत का पाह्यते, दोन-दोनमंधी ४१५ च्या जवळपास येते का. थे बरोबर असलं तं कॉन्टॅक्टरच्या (कॉइलनं ओढला जाणारा स्टार्टरमधला स्विच) खाली पाह्यते. वर तीन अन् खाली दोन, म्हंजे एक कॉन्टॅक्ट जळला. वर-खाली बरोबर, तं केबल. केबल बरोबर, तं वायंडिंग नाही तं पंप जाम. हा क्रम कोण्या चार्टवर शिकवता तुमी?

अन् हंगामात रोजी कोण सोडते बाप्पा? थे बी पाहा जरा.

मेगर ५००

वऱ्हाडी भाऊ, क्रम एकदम बरोबर सांगितला, फक्त मधली एक पायरी चुकली, आणि तीच विहिरीवरून शिकलेल्या प्रत्येकाची चुकते.

कॉन्टॅक्टरच्या खाली मोटर जोडलेली असताना तुम्ही फेज मोजताय. एक कॉन्टॅक्ट जळाला असला तरी त्या टोकावर शून्य येत नाही. उरलेल्या दोन फेजमधून वायंडिंगमार्गे व्होल्टेज तिथं पोचतंच. उभ्या मोटरीत ते टोक आणि इतर दोन फेज यांच्यात साधारण २०० येईल, न्यूट्रलशी ११५-१२० च्या आसपास. टेस्टर तर तिथंही मस्त पेटतो! म्हणून टेस्टर लावून "तिन्ही आहेत" म्हणणारा पोरगा मोटर खोलायला घेतो आणि रिवाइंडिंगवाल्याकडं पाठवतो. मोटरीच्या तीन वायरा सुटायला हव्यात, मग कॉन्टॅक्टर ओढून खाली मोजायचं. नाहीतर सप्लाय बंद करून कॉन्टॅक्टर हातानं दाबायचा आणि तिन्ही पोलांची कंटिन्युइटी पाहायची.

मी सिरीज लॅम्प यांच्या बाजूनं पूर्ण नाही. पण विहिरीवर "काय करायचं" कळतं, "का" ते कळत नाही, आणि तोंडी परीक्षेत "का" हेच विचारतात.

वऱ्हाडी वायर

हे मान्य. टेस्टरचा भरोसा नाही, सिरीज लॅम्पच (तपासाचा बल्ब) बरा. (धागेवाल्याचं नाव नाही घेऊन रायलो.)

पण "का" विहिरीवर कळत नाही हे मान्य नाही. रात्रीच्या पाळीची लाईन आली का मोटर आपोआप चालू व्हावी म्हणून स्टार्टरच्या हिरव्या बटनात तुरीची काडी कोंबलेली असते. ऑटो स्विच असला तरी काम तेच. थे काडी पाहून पोट्ट्याले विचारा, काय बंद पडलं? नो-व्होल्ट कॉइलचं काम बंद पडलं. लाईन गेली का कॉन्टॅक्टर सुटाले पाह्यजे अन् परत माणसानं बटन दाबल्याशिवाय ओढाले नाही पाह्यजे, थेच मोडलं. लाईन एक फेज कमी घेऊन आली तं मोटर उभ्या उभ्या जळते. पुस्तकातल्या चार ओळींपेक्षा थे काडी जास्त ध्यानात रायते.

मेगर ५००

ध्यानात राहते, पण अर्धी. पुढचा प्रश्न असतो: काडी नाही, मोटर चालू आहे आणि चालता चालता एक फेज गेला, तर नो-व्होल्ट कॉइल मोटर वाचवेल का? विहिरीवरचा पोरगा "हो" म्हणतो. कॉइल ४१५ ची असेल तर ती दोन फेजमध्ये जोडलेली असते. गेलेला फेज त्या दोघांपैकी नसला तर कॉइलला काहीच कळत नाही, कॉन्टॅक्टर ओढलेलाच राहतो. मोटर वाचवायची तर ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा) नीट सेट हवा, नाहीतर सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारा). आणि गावातला रिले कुठं असतो? वारंवार पडतो म्हणून नॉब शेवटपर्यंत फिरवलेला.

सिरीज लॅम्प

रिलेचा विषय निघालाच आहे तर स्टार-डेल्टाकडं (मोटर आधी कमी व्होल्टेजच्या स्टार जोडणीत उचलून टायमरनं पूर्ण व्होल्टेजच्या डेल्टात नेणारा स्टार्टर) येऊ, कारण प्रात्यक्षिकात पोरं तिथंच जास्त घसरतात आणि त्यावर विहिरीचा काही उपयोग नाही. विहिरीवर पेटी तयार येते, सहा वायरा रंग पाहून लावल्या की झालं.

साडेसात एचपीची मोटर साधारण ११ अँपिअर घेते. रिले मेन कॉन्टॅक्टरच्या खाली, म्हणजे वायंडिंगच्या वाटेवर असेल तर त्यातून ११ जात नाहीत. डेल्टात वायंडिंगचा करंट लाईनच्या ०.५८ पट, म्हणजे ६.४ च्या आसपास. रिले ११ वर ठेवला तर तो असून नसल्यासारखा. मेन लाईनवर, तिन्ही कॉन्टॅक्टरच्या आधी असेल तरच ११.

पॉवर वायरिंगमध्ये (एल म्हणजे लाईनचे तीन फेज; यू, व्ही, डब्ल्यू म्हणजे तीन वायंडिंग, १ आणि २ ही त्यांची टोकं) डेल्टात एल-१ ला यू-१ आणि डब्ल्यू-२, एल-२ ला व्ही-१ आणि यू-२, एल-३ ला डब्ल्यू-१ आणि व्ही-२. घाईत होणारी चूक म्हणजे यू-१ आणि यू-२ एकाच फेजवर, तसंच व्ही आणि डब्ल्यूचं. स्टारमध्ये मोटर व्यवस्थित उचलते, टायमर पलटतो, डेल्टा कॉन्टॅक्टर टक करून ओढतो आणि मोटर हळूहळू थांबते. आवाज नाही, वास नाही, एमसीबी पडत नाही. प्रत्येक वायंडिंगच्या दोन्ही टोकांना एकच फेज, मग व्होल्टेज कुठून येणार? हे एकदा समजलं की चूक दहा सेकंदात सापडते. नाही समजलं तर पोरगं टायमर बदलत बसतं.

कंट्रोलचा क्रम असा ठेवा (आकडे म्हणजे टर्मिनलचे क्रमांक): फेज, फ्यूज, रिलेचा ९५-९६, स्टॉपचा एनसी (एरवी जोडलेला), स्टार्टचा एनओ (एरवी सुटलेला) आणि त्याला समांतर मेनचा १३-१४, तिथून मेनची कॉइल आणि टायमर. टायमरचा एनसी डेल्टाच्या २१-२२ (हाही एनसी) मधून स्टारच्या कॉइलला, टायमरचा एनओ स्टारच्या २१-२२ मधून डेल्टाच्या कॉइलला. हे दोन २१-२२ विसरलात आणि स्टार-डेल्टा एकदम ओढले तर तिन्ही फेज सरळ शॉर्ट. आणि कॉइलवरचा आकडा आधी वाचा. २४० च्या कॉइलला दोन फेज दिले की ती जळते, ४१५ च्या कॉइलला फेज-न्यूट्रल दिलं की कॉन्टॅक्टर नुसता खडखडतो.

खारपाण

दर्यापूर-अकोट पट्ट्यातून. तुमच्या दोघांच्या भांडणात अर्थिंग राहून गेलं.

चुकीच्या सवयी सगळ्या विहिरीवरच लागतात असं नाही, वर्कशॉपमध्येही लागतात. पाइप अर्थिंग म्हटलं की पोरं पाठ बोलतात: ३८ मिलिमीटरचा जीआय पाइप, अडीच मीटर लांब, भोवती कोळसा आणि मिठाचे थर. बरोबर आहे, हेच लिहा आणि सांगा. पण मीठ कशाला असं विचारलं की गप्प! मीठ मातीचा रोध कमी करायला. आमच्या पूर्णेच्या खोऱ्यात माती मुळातच खारी. तिथं रोध आधीच कमी येतो आणि वरून मीठ टाकलं की पाइप लवकर गंजतो. जमिनीत काय उरलंय ते वरून दिसत नाही. म्हणून इकडं मिठापेक्षा दरवर्षीची मोजणी महत्त्वाची.

कापसाच्या काळ्या जमिनीत गोष्ट वेगळी. ओली असली की अर्थ छान, मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडल्या की माती पाइपापासून सुटते आणि रोध चढतो. मोजणीचा जॉब उन्हाळ्यात करायला दिला तर आणखी एक गंमत होते. अर्थ टेस्टरचा करंटचा खुंटा ३० मीटरवर आणि पोटेन्शियलचा ६२ टक्क्यांवर, म्हणजे साडेअठरा मीटरच्या आसपास लावतात. खुंटे भेगेत सैल बसले की आकडा नाचतो. खुंट्यांभोवती पाणी ओता, चालतं. तपासायच्या अर्थच्या खड्ड्यात मात्र मोजणीआधी पाणी ओतायचं नाही, नाहीतर तुम्ही उद्याचा नाही, आजच्या बादलीचा रोध मोजता. मग पोटेन्शियलचा खुंटा तीन मीटर पुढं आणि तीन मीटर मागं सरकवून पुन्हा पाहा. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तरच लिहा. एकच वाचन लिहून निघणारा पोरगा वर्कशॉपचा असो की विहिरीचा, त्याला मोजणी कळलेली नाही.

भंगारातला कॉन्टॅक्टर

बंद ठेवा की चालू ठेवा यावर मत देत नाही, कारण घरची परिस्थिती ज्याची त्याला माहीत. पण रोजीवर जाणाऱ्यालाही रात्री दीड तास मिळतो. त्यासाठी:

दोन बाय तीन फुटांचा प्लाय, दोन टू-वे खटके, दोन वन-वे, एक ६ अँपिअरचं आणि एक १६ अँपिअरचं सॉकेट, दोन होल्डर. दीड चौरस मिलिमीटरची वायर लाल, काळी, हिरवी प्रत्येकी दहा मीटर, १६ अँपिअरच्या सॉकेटसाठी अडीचची थोडी. जिन्याचं वायरिंग रोज जोडा आणि रोज सोडा. खटक्यांच्या चारही स्थिती तपासा. एक ट्रॅव्हलर (दोन खटक्यांमधली वायर) चुकून कॉमनवर (खटक्याच्या सामाईक टर्मिनलवर) गेला असेल तर दोन स्थितींत सगळं बरोबर वाटतं, म्हणून दोनदा खटका मारून "झालं" म्हणू नका.

मेगरचा (इन्सुलेशनचा रोध मोजणारं मीटर) सराव घरी जमत नाही, पण क्रम पाठ हवा. मेन बंद, फ्यूज जागेवर, सगळे खटके चालू, बल्ब काढलेले, उपकरणं सुटी. ५०० व्होल्टचा मेगर, नव्या वायरिंगला किमान १ मेगोहम. एक बल्ब राहिला तर फेज-न्यूट्रलमध्ये काटा शून्यावर येतो आणि पोरं शॉर्ट शोधत बोर्ड उसवतात. एलईडी किंवा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर राहिला तर ५०० व्होल्टनं तो जाण्याचीच शक्यता जास्त.

स्टार-डेल्टासाठी भंगारातून तीन जुने कॉन्टॅक्टर, २४० च्या कॉइलचे. कंट्रोल सर्किट घरच्या सिंगल फेजवर पूर्ण चालवता येतं, मोटर लागतच नाही.

वऱ्हाडी वायर

अन् मोटरीच्या जागी बल्ब लावून पाहाले काय हरकत? तीन बल्ब, तीन वायंडिंग. डीपीवरून (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरून) तीन फेज...

भंगारातला कॉन्टॅक्टर

भाऊ, तिथंच थांबा. स्टारमध्ये प्रत्येक बल्बला २४० मिळेल, डेल्टात ४१५. तिन्ही बल्ब उडतील, काच फुटली तर डोळ्यात. वर्कशॉपमध्ये निदेशक उभे असताना करायचंच असेल तर प्रत्येक वायंडिंगच्या जागी सारख्या वॉटचे दोन बल्ब सिरीजमध्ये. स्टारला मिणमिणते, डेल्टाला झगझगीत, टायमर पलटलेला डोळ्यांनी दिसतो. आणि वर सांगितलेली यू-१ यू-२ ची चूक असेल तर डेल्टाला सगळेच विझतात.

घरी किंवा डीपीवरून हे अजिबात नाही. घरी सप्लाय काढून, कॉन्टॅक्टर एकेक करून हातानं दाबून, मल्टिमीटरनं सहाही टोकं कुठं जातात ते कागदावर मांडायचं. मेन दाबला की एल-१ ते यू-१. डेल्टा दाबला की एल-१ ते डब्ल्यू-२. स्टार दाबला की यू-२, व्ही-२, डब्ल्यू-२ एकमेकांत.

सिरीज लॅम्प

हे चालेल. विहिरीवर जाणाऱ्यांना माझी आता एकच अट राहील: स्टार्टरचं झाकण उघडायच्या आधी आतलं सर्किट कागदावर काढायचं, मग उघडून जुळवायचं.

वऱ्हाडी वायर

अन् काडी दिसली तं?

सिरीज लॅम्प

ती पण काढा. कागदावर आणि बटणातूनही.