शांतीफेरीला मी येणार नाही

गोदाकाठी_एक
विसर्जनाच्या रात्री आमच्या कॉलनीत दोन मंडळं डीजेवरून भिडली. तुमचा दणदणाट आमच्या आरतीवर का, इथून सुरू झालं ते एकाच्या डोक्याला सात टाके आणि दुसऱ्याचा हात प्लास्टरमध्ये, इथवर गेलं. अजून या गल्लीतली पोरं त्या गल्लीतून गाडी काढत नाहीत.

आता ठरलंय की २ ऑक्टोबरला पांढरे शर्ट, हातात मेणबत्त्या, गोल्फ क्लब मैदानापासून रामकुंडापर्यंत शांतीफेरी. मग फोटो, मग चहा. 'काका, तुम्ही पुढे चाला' असा मला निरोप आहे. मी जाणार नाही. कॉलनीच्या ग्रुपवर हे लिहिलं तर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागेल आणि विषय मरेल, म्हणून इथे लिहितोय.

अहिंसा नाशिकने फार जवळून पाहिलीय, आणि ती अशी नव्हती. २ मार्च १९३०, म्हणजे दांडीयात्रा निघायच्या दहा दिवस आधी, बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं दलितांना प्रवेश मिळावा म्हणून इथल्या काळाराम मंदिराकडे निघाली. दरवाजे बंद. मग चारही दरवाजांसमोर तुकड्यातुकड्यांनी बसले, बायकासुद्धा. रामनवमीला रथ सवर्ण आणि दलित दोघांनी मिळून ओढायचा ठरलं होतं, तर सवर्णांनी रथच पळवला आणि वर दगडफेक. तरी माणसं मागे हटली नाहीत. हे पाच वर्षं चाललं. आमची फेरी दीड तासाची, आणि ज्यांनी मारामारी केली त्यातला एकही तिच्यात नाही.

पंचवटीकर
काका, उदाहरण तुमच्यावरच उलटतं. पाच वर्षं बसून दार उघडलं का? नाही. मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनीच दादासाहेबांना पत्र लिहून सत्याग्रह थांबवायचा सल्ला दिला. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात धर्म सोडायची घोषणा केली. समोरच्याला पाझर फुटेल या भरवशावर बसायचं, आणि तो फुटलाच नाही तर? करुणा दोन्ही बाजूंना असावी लागते.

गोदाकाठी_एक
पत्र पुरतं वाचा की. आपला उद्देश देवदर्शनाचा नव्हता, आपल्या माणसांना जागं करायचा होता आणि तो साधलाय, असं त्यात सांगितलंय. दार उघडलं नाही हे खरंच आहे. पण तिथे बसलेला माणूस उठला तेव्हा पूर्वीचा राहिला नव्हता. येवल्याला जे झालं ते या पाच वर्षांशिवाय झालं असतं असं मला वाटत नाही. पुजाऱ्याला पाझर फुटावा म्हणून कोणी बसलं होतं हे तुम्हाला कोणी सांगितलं?

नाशिकरोडचा_नाना
मला तर फेरी निघते कुठून याचीच गंमत वाटते. गोल्फ क्लब मैदानाचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घालणारा कान्हेरे! त्याच्या नावाच्या मैदानावरून अहिंसेची फेरी. एकतर नाव बदला, नाहीतर मान्य करा की या गावाला दोन्ही वाटा माहीत आहेत आणि दुसरीचाही आपल्याला अभिमान आहे.

पंचवटीकर
नाना, फुलं वाहा की, कोण अडवतंय? पण त्या गोळ्यांनंतर तीन पोरं फासावर गेली. आणि डीजेवरून डोकं फोडणाऱ्याला कान्हेरेच्या शेजारी बसवू नका, प्लीज.

शाकाहारी_सुखी
२ तारखेला कॉलनीतली मटणाची दुकानं तरी बंद ठेवा. अहिंसा ताटापासून सुरू होते.

सातपूर_शिफ्ट
भाऊ, तुमच्या ताटाबद्दल आम्ही कधी बोललो का? तसंच. (आणि त्या रात्री मारामारी करणारी माणसं दोन्ही गल्ल्यांतली शाकाहारीच होती.)

दिंडोरीवाला
मी २०१८ च्या शेतकऱ्यांच्या नाशिक ते मुंबई लाँग मार्चला होतो, जमिनीच्या हक्कासाठी निघाला होता तो, म्हणून बोलतो. ६ मार्चला नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून निघालो. कसारा उतरेपर्यंत पायाला फोड, चपला तुटलेल्या, काही जण अनवाणी. ११ तारखेला रात्री मुंबईत सोमय्या मैदानावर पोचलो. सकाळी निघायचं होतं, पण दुसऱ्या दिवशी दहावीच्या पोरांचा पेपर. मग रात्रीच उठलो आणि चालत आझाद मैदान गाठलं. दिवसभर चालून परत रात्रभर. कोणी कुरकुरलं नाही असं नाही, मी स्वतः कुरकुरलो. पण उठलो. सकाळी मुंबईची माणसं पाणी, बिस्किटं, चपला घेऊन उभी. तेव्हा सरकारनं लेखी दिलं.

काका, फेरीला नावं ठेवू नका. चालण्यात काय असतं ते चालल्याशिवाय कळत नाही.

पंचवटीकर
आणि लेखी दिल्यावर? २०१९ ला परत निघालात. २०२३ ला परत निघालात. सभ्यपणे चालणाऱ्याला लोक टाळ्या देतात आणि सरकार तारखा देतं.

दिंडोरीवाला
हो, परत निघालो. एक बस फोडली असती तर तुम्हीच पहिले ओरडला असतात, आणि जमिनीचा विषय तिथेच संपला असता. परत निघता येतं ते कोणाचं काही जाळलं नाही म्हणूनच.

हिशेबी_माणूस
एवढा इतिहास कशाला? दोन्ही मंडळांवर गुन्हे दाखल करा, डीजे जप्त करा, विषय मिटला.

सातपूर_शिफ्ट
नुसत्या पोलिसांनी मिटत असतं तर भिवंडी १९८४ ला हिंदू-मुस्लिम दंगलीत पेटली नसती, तेव्हाही पोलीस होतेच. पुढे सुरेश खोपडे तिथे अधिकारी असताना त्यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या. वस्तीवस्तीत दोन्ही धर्मांची साधी माणसं आणि एक पोलीस, नेमाने बसायचं. नळाचं भांडण असो की पोराने पोराला मारलेलं, तिथंच मिटवायचं. १९९२-९३ ला शेजारची मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. हे काम कंटाळवाणं असतं. त्याचा फोटो निघत नाही.

सिडकोतली_आई
मी पहिल्यांदाच इथे लिहितेय. प्लास्टरवाला मुलगा माझा. चूक त्याचीही होती, काठी त्यानेच आधी उचलली.

फेरीची तयारी म्हणून परवा बायकांची बैठक झाली. माझ्या शेजारी एक ताई बसल्या होत्या, अर्धा तास आम्ही मेणबत्त्यांना कागदाचे कप लावत होतो. मग कळलं, टाके पडलेला मुलगा त्यांचा. दोघीही गप्प झालो. त्यांनी विचारलं, "हात दुखतो का हो त्याचा रात्री?" मला काही बोलताच येईना.

काका, तुमचं काळारामाचं सगळं पटतं. पण त्या बैठकीला गेले नसते तर मला त्या भेटल्या नसत्या. पंचवटीकर दादा, करुणा दोन्ही बाजूंना असावी लागते म्हणालात ना? आधी कोणीतरी एकानेच विचारावं लागतं.

पंचवटीकर
ताई, तुमच्यापुढे वाद घालत नाही. पण पुढच्या गणपतीत काय, हा माझा प्रश्न आहेच.

गोदाकाठी_एक
फेरीला येणार नाही हे कायम, मेणबत्ती मला शोभत नाही. पण ताई, तुम्ही दोघी आणि ती दोन पोरं कुठे बसणार असाल तर मी येतो. आमच्या गच्चीवर बसा, चहा माझ्याकडे. सातपूर_शिफ्ट, तुम्हीही या, दर पंधरा दिवसांनी बसायचं कसं जमवतात ते सांगा.

सिडकोतली_आई
त्यांना विचारून सांगते. मुलगा नाही म्हणतोय अजून.

नाशिकरोडचा_नाना
आणि डीजेचं काय ठरलं? दोन्ही मंडळांनी पुढच्या वर्षीचा ॲडव्हान्स देऊन टाकलाय, माहीत आहे ना?