मदत हवी आहे: टॅबची बॅटरी टिकत नाही, बदलून मिळते का?

खानापूरकर:
चार्जर काढला की टॅब बंद. ३५ टक्के दाखवत असतो आणि धाडकन काळा पडतो. मुलीची यंदा एसएसएलसी, म्हणजे दहावी आहे, सगळ्या नोट्स त्यातच. इथला मोबाईलवाला नवीनच घ्या म्हणतो. बॅटरी बदलून मिळते की नाही, एवढंच सांगा. घाई आहे.

शहापूर_गल्ली:
कुठला टॅब? मॉडेल नंबर? किती जुना?

निपाणीकर:
बॅटरी चांगली असणार. पूर्ण उतरू द्या, मग बंद ठेवूनच १०० टक्के चार्ज करा. माझा तसाच ताळ्यावर आला.

टिळकवाडी_इलेक्ट्रॉनिक्स:
निपाणीकर, त्यानं फक्त टक्क्यांचा आकडा ताळ्यावर येतो, दम नाही येत. जुन्या बॅटरीचा आतला रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढतो. स्क्रीन आणि वायफायनं एकदम करंट ओढला की व्होल्टेज कोसळतं आणि टॅब बंद होतो.

चंदगडी:
बॅटरी काढून टाका, चार्जरची वायर थेट जोडा. आमच्या दुकानातला बिलिंगचा टॅब तसाच चालतो.

टिळकवाडी_इलेक्ट्रॉनिक्स:
भावा, असलं सांगू नकोस. चार्जर ५ व्होल्ट देतो, बॅटरी पूर्ण भरल्यावर ४.२ च्या आसपास असते. बोर्ड जाईल.

चंदगडी:
मधे व्होल्टेज कमी करणारा कन्व्हर्टर आहे की!

टिळकवाडी_इलेक्ट्रॉनिक्स:
मग ते आधी लिहायचं. वाचणारा वायर कापून मोकळा होईल.

जुने_मास्तर:
दहावीच्या पोरांना टॅब देऊच नये. नोट्स वहीत उतरवून घ्या, लिहिलेलं लक्षात राहतं.

खानापूरकर:
सर, मी ते विचारलं नाही. दहा इंची अँड्रॉइड आहे, पाच वर्षं झाली, मागचा नंबर पुसलाय. दिवसरात्र चार्जरलाच असतो. लाईट गेली की अडतं, आणि आमच्याकडं पावसात लाईट किती टिकते ते तुम्हाला माहीतच आहे. डाव्या कडेची स्क्रीन जरा वर आलीय, दाबली की बसते.

टिळकवाडी_इलेक्ट्रॉनिक्स:
अहो, हे पहिल्यांदा सांगायचं! चार्जर आत्ता काढा. परत दाबू नका. बॅटरी फुगलीय, आत गॅस झालाय. टोचली किंवा दबली तर पेट घेते. टॅब बंद करून फरशीवर ठेवा, गादी-कपड्यांपासून लांब.

शहापूर_गल्ली:
नोट्सची काळजी नको. बॅटरी बदलली तरी आतला डेटा तसाच राहतो. दुकानदार रिसेट करू म्हणाला तर नको म्हणा. मेमरी कार्ड असेल तर काढून घ्या.

निपाणीकर:
कोल्हापूरला पाठवा, तिथं सगळं मिळतं.

शहापूर_गल्ली:
फुगलेली बॅटरी कुरियरनं पाठवायची नसते. आणि प्रत्येक गोष्टीला कोल्हापूर कशाला? बेळगावच्या खडेबाजारात टॅब उघडणारी दुकानं आहेत.

खानापूरकर:
काढला. पडवीत फरशीवर ठेवलाय. उद्या सकाळच्या गाडीनं बेळगावला जातो. पण मॉडेल नंबरशिवाय बॅटरी मिळेल का?

टिळकवाडी_इलेक्ट्रॉनिक्स:
झाकण उघडलं की बॅटरीवरच नंबर छापलेला असतो. उघडायचं काम त्यांनाच करू द्या, ती चिकटवलेली असते, पात्यानं उचकटताना फाटते. नवीन घेताना नंबर, जाडी आणि कनेक्टर जुळवून घ्या. तुमच्यासमोर चार्जर काढून थोडा वेळ व्हिडिओ चालवायला लावा, मगच पैसे द्या.

चंदगडी:
आणि जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका, दुकानदाराकडंच ठेवा. कचऱ्यात दबली की पेटते.

निपाणीकर:
माझ्या टॅबची स्क्रीनपण एका बाजूला उचललीय काय बघतो.