आयडाहोसारखा सौदा आपल्याकडे खुनाच्या खटल्यात यावा का?

पैनगंगाकाठ (उमरखेड)
आमच्या पानटपरीवर यावरून दोन तट पडले, म्हणून इथे टाकतो. ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात मॉस्को नावाचं कॉलेजचं गाव आहे. 13 नोव्हेंबर 2022च्या पहाटे तिथे एका भाड्याच्या घरात चार विद्यार्थ्यांना चाकूने मारलं. आरोपी ब्रायन कोहबर्गर, शेजारच्या राज्यातल्या विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्रात पीएचडी करत होता. चाकूच्या म्यानावर त्याचा डीएनए मिळाला, चाकू मात्र मिळालाच नाही. ऑगस्ट 2025मध्ये खटला उभा राहणार होता. त्याच्या तोंडावर सरकारी वकिलाने सौदा केला: चारही खून कबूल कर, अपिलाचा हक्क सोड, आम्ही फाशी मागत नाही. 2 जुलैला त्याने गुन्हा कबूल केला आणि 23 जुलैला चार जन्मठेपा झाल्या. एकीनंतर दुसरी अशा, पॅरोल नाही. का मारलं, हे सांगायची अट सौद्यात नव्हती. शिक्षेच्या दिवशी बोलायची संधी मिळाली, तीही त्याने नाकारली.

एका मुलीच्या घरचे भडकले. राज्याने आम्हाला दगा दिला म्हणाले. एका मुलाच्या घरच्यांनी सौद्याला पाठिंबा दिला, दुसऱ्या एका मुलीच्या वडिलांनीही. खुद्द ट्रम्पने लिहिलं की न्यायाधीशाने त्याला कारण सांगायला लावावं.

मी भडकलेल्या घराच्या बाजूचा. बाजार समितीच्या हर्रासात तुरीचा भाव ठरावा तशी इथे शिक्षा ठरली, आणि ज्यांचं लेकरू गेलं त्यांना पत्र पाठवून कळवलं. ते नको म्हणाले तरी सौदा झालाच. कोर्टात साक्षी झाल्या असत्या, उलटतपासणी झाली असती, काहीतरी बाहेर आलं असतं. आपल्याकडे हे खूळ खुनापर्यंत येऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

खारपाण (दर्यापूर)
मरेपर्यंत अंदर हाय ना तो? मंग आनखी काय पाह्यजे बाप्पा? आमच्या इकडं खुनाचा आरोपी जामिनावर सुटला का गावात गाड्या लावून मिरवनूक निंगते. मेलेल्याची माय दारात उभी राहून पाह्यते. तुमी म्हंता सौदा वाईट. मले तर तो सौदा सोन्याचा वाटून रायला.

जुना बेंचक्लार्क
पैनगंगाकाठ भाऊ, कोर्टात काहीतरी बाहेर आलं असतं, हे तुम्ही बाहेरून बघून म्हणता. नोकरीची सगळी वर्षं मी न्यायाधीशांच्या पुढ्यात बसून काढली. सेशन केसमध्ये काय होतं ते सांगतो.

घटना घडते तेव्हा अर्धं गाव हजर असतं. केस बोर्डावर येईपर्यंत पाच-सात वर्षं गेलेली असतात. समन्स येतं ते नेमकं पेरणीत नाहीतर कापूस वेचणीत. साक्षीदार सकाळच्या एसटीने येतो, दिवसभर व्हरांड्यात बसतो आणि चार वाजता त्याला कळतं की आरोपीचे वकील नागपूरला गेलेत, पुढची तारीख. असं दोन-तीनदा झालं की तो मनातून सुटतो. मधल्या काळात आरोपीकडचे लोक घरी येऊन गेलेले असतात. मग साक्षीच्या दिवशी ‘मी काही पाहिलं नाही, पोलिसांनी कोऱ्या कागदावर सही घेतली’. पंच फितूर, प्रत्यक्षदर्शी फितूर. उरतो तो डॉक्टर आणि तपास अधिकारी. रक्ताचे कपडे सी.ए.कडे, म्हणजे सरकारी रासायनिक तपासणीला जातात, त्या रिपोर्टची वाट बघण्यात काही तारखा जातात त्या वेगळ्याच. शेवटी संशयाचा फायदा.

सौदा आपल्याकडे होतोच हो. फक्त तो कोर्टाबाहेर होतो, त्याची नोंद कुठे नसते आणि त्यात शिक्षा शून्य असते. त्यापेक्षा न्यायाधीशासमोर, कागदावर, जन्मठेपेचा झाला तर मला चालेल.

पैनगंगाकाठ
साहेब, साक्षीदार फितूर होतो म्हणून खटलाच नको? मग साक्षीदाराला संरक्षण द्या, तारखा कमी करा. हिंगणघाटला प्राध्यापिकेला पेट्रोल टाकून जाळलं, 10 फेब्रुवारी 2020ला ती गेली. बरोबर दोन वर्षांनी, 10 फेब्रुवारी 2022ला जन्मठेपेची शिक्षा सुनावली. मधे कोरोना असूनही. मनावर घेतलं तर होतं.

जुना बेंचक्लार्क
विशेष सरकारी वकील, टीव्हीच्या गाड्या, मंत्र्यांचं लक्ष. तेवढं सगळं प्रत्येक खुनाच्या वाट्याला येत नाही.

वकील, पुसद
चर्चा चांगली आहे, पण कायदा काय आहे ते आधी बघू. आपल्याकडे प्ली बार्गेनिंग, म्हणजे गुन्हा कबूल करून शिक्षेची तडजोड, 2005च्या दुरुस्तीने आलं, 5 जुलै 2006पासून लागू झालं. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांनाच. स्त्रियांवरचे आणि चौदा वर्षांखालच्या मुलांवरचे गुन्हे वगळलेले. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही चौकट जवळपास हीच आहे. त्याआधी तर सर्वोच्च न्यायालयाला हा प्रकार बिलकूल पसंत नव्हता. अन्नभेसळीच्या एका प्रकरणात, मुरलीधर मेघराज लोया, 1976, न्या. कृष्ण अय्यरांनी त्यावर चांगलेच कोरडे ओढलेत. आणि गंमत बघा, आपल्या छोट्या गुन्ह्यांच्या तडजोडीत फिर्यादीला बैठकीत बसवावं लागतं. तिकडे चार खुनांत घरच्यांच्या हातात पत्र.

आता आयडाहोसारखा सौदा समजा इथे आणला. आरोपीला देणार काय? खुनाला शिक्षा दोनच, फाशी नाहीतर जन्मठेप. 1980च्या बचनसिंग निकालापासून फाशी दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणात. बांधावरच्या भांडणात कुऱ्हाड चालवणाऱ्याला फाशी होत नाही हे त्यालाही माहीत असतं. मग फाशी माफ करतो म्हणून तो कशाला कबूल होईल? उरतं एकच, 302चं 304 करणं. नव्या भाषेत 103चं 105. म्हणजे खुनाचा सदोष मनुष्यवध आणि जन्मठेपेचे दहा वर्ष. इथला सौदा आला तर तो हाच असेल, कोहबर्गरवाला नव्हे.

दुसरं, खारपाण भाऊ, ‘मरेपर्यंत अंदर’ अशी सूट नसलेली शिक्षा आपलं सेशन कोर्ट देऊच शकत नाही. 2015च्या श्रीहरन निकालाप्रमाणे तो अधिकार फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाला. साधी जन्मठेप झाली की चौदा वर्षांनंतर सरकार सुटकेचा विचार करू शकतं.

खारपाण
म्हंजे सोनं तिकडचं न्‌ पितळ आपल्याले. घ्या.

गोंडपिपरी
कोणीच आरोपीकडून बोलत नाही, म्हणून मी बोलतो. देशातल्या तुरुंगात दर चार कैद्यांमागे तिघांचा खटला संपलेलाच नाही. त्यात कोण आहे ते जिल्हा कारागृहाच्या भेटीच्या रांगेत उभं राहिलं की दिसतं. चोरी झाली की पहिली गाडी फासेपारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर जाते, हे यवतमाळ-अमरावतीच्या माणसाला सांगायला नको. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात धरायची नाही असा कायदा इंग्रजांच्या काळापासून आहे, तो उगाच नाही. आता अशा माणसाला सांगा, ‘खटला लढलास तर जन्मठेप, कबूल झालास तर दहा वर्षं, त्यातली पाच तर झालीच.’ ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसा नाही, ज्याची बायको शेतमालकाच्या घरी राबते, तो न केलेला खूनही कबूल करेल. अमेरिकेत कबुली देऊन बसलेले लोक पुढे डीएनएमुळे निर्दोष सुटलेत. तिथे राज्यांच्या न्यायालयांत शंभरातल्या चौऱ्याण्णव शिक्षा कबुलीवर होतात, हे त्यांच्याच सर्वोच्च न्यायालयाने 2012मध्ये नोंदवलंय. पैसेवाला आरोपी मात्र खटलाच लढेल, कारण त्याला साक्षीदार फोडता येतात. क्लार्क साहेबांनी सांगितलेला रोग जिथल्या तिथे राहील आणि औषध भलत्यालाच पाजलं जाईल.

मोर्शीकर
मी मयताच्या घरची आहे. माझ्या काकांचा खून झाला, धुऱ्याच्या म्हणजे शेताच्या बांधाच्या वादातून असं गाव म्हणतं. खटला पूर्ण चालला, शिक्षाही झाली. त्यामुळे पैनगंगाकाठ दादा, तुमच्या ‘काहीतरी बाहेर आलं असतं’वर मला बोलायचं आहे.

आमची काकू प्रत्येक तारखेला गेली. आरोपीच्या वकिलाने तिला विचारलं, तुमच्या नवऱ्याला दारूचं व्यसन होतं हे खरं का. व्यसन नव्हतं. पण भर कोर्टात ते वाक्य ऐकावं लागलं आणि मग गावात तेच फिरलं. शेवटी आरोपीचा जबाब घेतला तेव्हा न्यायाधीश एकेक मुद्दा वाचत होते आणि तो प्रत्येकाला ‘खोटं आहे’, ‘माहीत नाही’ म्हणत होता. पानंच्या पानं. धुऱ्यावर त्या सकाळी काय बोलणं झालं, काका शेवटी काय म्हणाले, हे तो आजवर बोलला नाही. खटल्यात आरोपीचं कामच नाही म्हणण्याचं असतं. कारण कळेल या आशेने खटला मागत असाल तर मागू नका.

आणि निरोप आले होते आमच्याकडेही. जमीन देतो, मुलाला नोकरीला लावतो. काकूने दारातून परत पाठवले. तिला कोणी कोर्टात, न्यायाधीशांपुढे विचारलं असतं की जन्मठेप नक्की आणि वरच्या कोर्टात अपील नाही, चालेल का, तर ती लगेच हो म्हणाली असती. हायकोर्टात अपील अजून पडून आहे, नागपूरचा फोन आला की तिचा बीपी वाढतो.

लाखनी
ताई, तुमचं दुःख मोठं आहे, तरी मी वेगळं म्हणेन. आमच्या जिल्ह्यातलं खैरलांजी घ्या. 29 सप्टेंबर 2006, एका दलित घरातली चार माणसं मारली. 2008मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टाने सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप दिली. 2010मध्ये नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून 25 वर्षं केली. दोन्ही कोर्टांनी ॲट्रॉसिटी कायदा लागू धरला नाही, जातीमुळे मारलं हे सिद्ध झालं नाही म्हणाले. आम्हाला ते तेव्हाही पटलं नाही, आजही नाही. पण निकालपत्र आहे, त्यातला शब्द न्‌ शब्द धरून भांडता येतं. सौदा झाला असता तर भांडायला कागदच नसता. आरोपी ‘कबूल’ म्हणाला असता आणि जातीचा प्रश्न कोणी विचारलाच नसता.

मोर्शीकर
कागद तुम्हाला भांडायला हवा, समजलं. आमच्या काकूला झोप हवी आहे.

पैनगंगाकाठ
ताईंचं वाचून मधला मार्ग सुचवतो. कुटुंबाची लेखी संमती असल्याशिवाय सौदा नाही. आणि आरोपीने घटना पहिल्यापासून शेवटपर्यंत कोर्टात सांगायची, खोटं निघालं तर सौदा रद्द.

वकील, पुसद
खोटं निघालं हे ठरवणार कोण? त्याच ठाणेदाराचा तपास. आणि कुटुंबाची संमती म्हणाल तर जमिनीचे निरोप आता दुप्पट येतील, कारण सहीला किंमत आली. काकूंनी परत पाठवले. ज्या घरात कर्ज आणि लग्नाची पोरगी आहे तिथे?

खारपाण
वकीलसाहेब, तुमचं सगळं खरं हाय. पन मंग मोर्शीच्या काकूचं अपील कवा लागनार, हे तरी सांगा.