मदत हवी आहे: कोळसा खाणीच्या वन्यजीव पाहणीला दहा दिवस पुरतात का?

माळावरची

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलंय. गेली तीन वर्षं नान्नज-मार्डीच्या माळावर पक्ष्यांच्या आणि लांडग्यांच्या नोंदी करतेय, बहुतेक हौसेनं. आता पहिल्यांदाच पगाराचं काम मिळालं आणि पहिल्याच कामात अडकलेय.

पर्यावरण परवानगीचे अहवाल करून देणाऱ्या एका सल्लागार कंपनीत लागले. काम चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका प्रस्तावित खुल्या कोळसा खाणीचं. (आमच्याकडे सगळा काळा पाषाण. कोळसा बघितला तो एनटीपीसीला जाणाऱ्या मालगाडीत.) टीओआर (अभ्यासात काय-काय करायचं ते ठरवून देणारी सरकारी कार्यकक्षा) नीट वाचलाय. खाणपट्टा म्हणजे कोअर, त्याच्या हद्दीपासून १० किमी बफर. दोन्हीकडच्या वनस्पती-प्राण्यांची प्रत्यक्ष पाहणी करायची, याद्या वेगवेगळ्या द्यायच्या आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमधलं (सर्वांत कडक संरक्षण असलेलं) काही सापडलं तर वन विभागाशी बोलून खर्चाच्या तरतुदीसह संवर्धन आराखडा करायचा. आता हिशेब बघा. नुसत्या एका ठिपक्याभोवती १० किमी धरले तरी ३१४ चौ. किमी होतात, इथं तर पट्ट्याच्या कडेपासून मोजायचं. त्यासाठी मी, एक मदतनीस, एक जीप आणि मे महिन्यातले दहा दिवस.

साहेब म्हणतात, "पावसाळा सोडून एक हंगाम मागितलाय. मे पण हंगामच आहे. दिसेल ते लिही, उरलेलं जुन्या अहवालातून घे." हा जुना अहवाल शेजारच्या खाणीचा. उघडला तर त्यात ससा अजून अनुसूची चारमध्ये! या कायद्याची २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली. आता प्राण्यांच्या अनुसूच्या दोनच, तिसरी वनस्पतींची आणि चौथी आंतरराष्ट्रीय व्यापाराशी संबंधित प्रजातींची. म्हणजे ही यादी किती हातांतून उतरत आलीय कोण जाणे.

पण माझा खरा घोळ वेगळाच आहे. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९चं, तिथं तुम्ही फक्त मेमध्ये गेलात तर भोवत्या (शिकारी पक्षी) लिहिणारच नाही, कारण हे पाहुणे हिवाळ्याचे, उन्हं तापायच्या आत परत जातात. तणमोर (हाही माळावरचा पक्षी) आलाच तर पावसात. आणि लांडगा? गेल्या उन्हाळ्यात नऊ दिवस पहाटे चालले, एकदाही दिसला नाही. दहाव्या दिवशी धनगरकाकांना विचारलं तर म्हणाले, "काल रातीच कोकरू नेलं की ओ!" मी वहीत 'आढळला नाही' लिहून बसले होते. चंद्रपूरच्या अहवालात हेच दोन शब्द लिहिले तर पुढं वाचणारा त्याचा अर्थ 'इथं नाहीच' असा लावणार ना?

तर विचारायचं असं, की दहा दिवसांत निदान खोटं ठरणार नाही इतकं काय करता येईल? प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे मिळाले तर कुठं लावू? आणि साहेबांना कसं समजावू? नोकरी नवी आहे.

इरईकाठचा

ताई, मी चंद्रपूरचा. पहिली गोष्ट, मे महिन्याला नावं ठेवू नका. पाणी आटतं, उरलेल्या पाणवठ्यांवर सगळे येतात, ओल्या चिखलात पंजे उमटतात. मोठ्या प्राण्यांसाठी मे चांगला. बेडूक, साप, फुलपाखरं आणि हिवाळी पाहुण्या पक्ष्यांसाठी बेकार.

दुसरं, जुन्या खाणींचे ओबीचे (कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडाचे) ढिगारे चुकवू नका. तिथं वेडी बाभूळ माजते, रानडुकरं दडतात, मागोमाग वाघ-बिबट येतात. दुर्गापूर-ऊर्जानगरला हे वस्तीच्या कडेला येऊन पोचलंय. अहवालात वाघ नाही असं लिहाल अन् जनसुनावणीत म्हातारी उभी राहून म्हणेल, माझी गाय कोणी नेली मग?

म्हणून पहिल्याच दिवशी वन विभागाचं रेंज ऑफिस गाठा. पशुधन नुकसानभरपाईची प्रकरणं मागा. तारीख, गाव, कोणता प्राणी, सगळं त्यात असतं. आमच्याकडं नीलगायीला रोही म्हणतात, गावात नीलगाय म्हणून विचाराल तर मान हलवतील. वाघांच्या भ्रमणमार्गाचा (जंगलांमधल्या ये-जा करायच्या वाटेचा) नकाशाही बघा. चिमूरकडची बांदर खाण २०२०मध्ये लिलावातून वगळली ती ताडोब्याच्या भ्रमणमार्गामुळंच.

जुना_सल्लागार

अशा अहवालांत बारा वर्षं घालवली, आता बाहेर आहे.

सगळं ३१४ चौ. किमी पालथं घालायचा नाद सोडा. नकाशावर जंगल, झुडपी, शेती, नाले-नदी, जुने ढिगारे असे तुकडे पाडा आणि प्रत्येकात दोन-तीन ट्रान्सेक्ट (चालत नोंदी करायच्या ठरलेल्या रेषा) ठेवा. किती किमी चाललात, किती तास बसलात, कॅमेरे किती रात्री चालले हे अहवालात छापा. ते नसेल तर तुमच्या 'आढळला नाही'ला कवडीची किंमत नाही. यादीत प्रत्येक प्राण्यापुढे चार रकाने ठेवा: प्रत्यक्ष पाहिला, खुणा मिळाल्या, वन विभागाची नोंद, गावकऱ्यांनी सांगितलं. तुमचे धनगरकाका चौथ्या रकान्यात.

व्याघ्रगणनेत २ चौ. किमीच्या चौकटीमागे कॅमेऱ्यांची एक जोडी लावतात. ते तुमच्या आवाक्यातलं नाही. सहा कॅमेरे मिळाले तर नाल्याच्या पायवाटांवर लावा. वनजमिनीवर लेखी परवानगीशिवाय एकही नको.

साहेबांशी निसर्गप्रेमाचं बोलू नका, पैशाचं बोला. पाहणीत गोळा केलेली मूळ माहिती तीन वर्षांपर्यंत चालते, मग हिवाळ्यात पाच दिवसांची फेरी सहज बसते. प्रकल्प तपासणाऱ्या सरकारी तज्ज्ञ मूल्यांकन समितीनं प्रस्ताव परत धाडला तर त्याहून जास्त खर्च होईल. शिवाय पर्यावरण मंजुरीच्या २००६च्या अधिसूचनेतच आहे, की जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर अर्ज फेटाळता येतो, मिळालेली मंजुरीही रद्द होऊ शकते. आणि जैवविविधतेच्या तज्ज्ञाचं नाव अहवालात छापलं जातं. ते कुणाचं जाणार हे आधी विचारा.

माळावरची

आभार दोघांचे. नावाचं विचारलं. माझंच जाणार आहे म्हणे! मग जुन्या यादीतला एकही प्राणी रकाना भरल्याशिवाय घेणार नाही, हे आज ईमेलवर कळवून टाकलं. साहेबांचं उत्तर आलं, "हिवाळ्याचं बघू." 'नाही' म्हणाले नाहीत, एवढं खरं. सोमवारी निघतेय. नुकसानभरपाईच्या नोंदींसाठी रेंज ऑफिसला पत्र द्यायचंय, इंग्रजीत द्यावं का?

इरईकाठचा

मराठीतच द्या. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या. आणि शेंगाचटणी विसरू नका, इथं तशी मिळत नाही.