प्रतिसाद : कोल्हापूरचे आवाज

रस्त्यावरचे आवाज ध्वनिमुद्रित करून जोडले की संगीत होतं का, असं वर एकांनी विचारलंय. होतं, पण निवड आणि मांडणी करणाऱ्याचे कान तयार हवेत. फ्रेंच संगीतकार पिएर शेफर यांनी 1948 मध्ये पॅरिसमध्ये रेल्वे इंजिनांचे आवाज घेऊन, त्यांचे तुकडे करून, पुन्हापुन्हा वाजवून रचना केली. अमेरिकी ध्वनिकलाकार मॅक्स न्यूहाउस यांनी 1977 मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरला पदपथाच्या जाळीखालून सलग घुमणारा नाद सोडला. पाटी नाही, मंच नाही. चालणाऱ्याला जाणवला तर जाणवला. मला हे दुसरं उदाहरण जास्त भावतं.

आपल्या गावात काय कमी आहे? गुजरीतली सोनारांची बारीक ठकठक, तालमीत ठोकलेला शड्डू, गंगावेशीत धारोष्ण दुधाची भांड्यात पडणारी धार (भांडं भरत जातं तसा तिचा स्वर बदलतो, नीट ऐका!), हलगीचा कडकडाट. कुस्त्यांचं खासबाग मैदान तर गोलच आहे. तिथे कडेने स्पीकर लावून शड्डूचा आवाज एका बाजूकडून दुसरीकडे फिरवता येईल.

हे आवाज ध्वनिमुद्रित करायला मोबाइलही चालेल, फक्त माइकला वाऱ्यासाठी स्पंजचं आवरण हवं. आणि ध्वनिमुद्रण लांब घ्या, दहा सेकंदांच्या तुकड्यातून काही हाती लागत नाही.

इथल्या शाहू कापड मिलचे माग कधीच थांबले. तो खडखडाट कुणाच्या घरी जुन्या कॅसेटवर असेल, तर कृपया इथे कळवा.